पाणपोईची जागा

माझ्यावर सगळ्यांत जास्त ऋण कोणाचं, असं मला कुणी विचारलं तर मी अकोल्याच्या तारघरातल्या एका लाइनमनचं सांगतो. आईवडिलांचं आहेच, आणि तिवशाच्या शाळेतल्या ज्या मास्तरांनी माझे शिष्यवृत्तीचे अर्ज स्वतःच्या हातानं भरले त्यांचंही आहे. पण या लाइनमनचं ऋण वेगळं आहे, आणि ते कसं झालं हे मी आजवर कुठं लिहिलेलं नाही. मी त्यांना चाचा म्हणत असे. सारं ऑफिसच म्हणत असे.

एकोणीसशे साठनंतरची तीनचार वर्षं गेली असतील. अमरावतीच्या कॉलेजातून मी बी. एस्सी. झालो होतो. आमच्या घरात माझ्याआधी सातवीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. जबलपूरला तारखात्याचं प्रशिक्षण झालं आणि अकोल्याच्या तारघरात टेलिप्रिंटरच्या देखभालीवर माझी नेमणूक झाली. टेलिप्रिंटर म्हणजे टाइपरायटरसारखंच, पण जडशीळ यंत्र. अकोल्याला त्याचं बटण दाबलं की विजेचे बारीक धक्के तारेतून जात आणि अमरावतीच्या यंत्रावर तेच अक्षर छापलं जाई. माझे वडील गावात सांगत, "आमचा पोरगा अकोल्यात बसून अमरावतीच्या कागदावर लिहिते." ते ऐकून लोक हसत. वडील मात्र हसत नसत.

अकोल्यात खोली मिळेना. घरमालक आधी पगार विचारत आणि खुश होत, मग आडनाव विचारत, आणि खोली कालच दुसऱ्याला दिलेली निघे. आठ दिवस मी धर्मशाळेत काढले. नवव्या दिवशी चाचांनी माझी ट्रंक स्वतःच्या सायकलच्या कॅरिअरला बांधली.

"चाल. समोरची खोली रिकामीच हाय. पण एक सांगून ठेवतो बेटा, तुयी चाची बोलते लय. तिचं ऐकणं हेच भाडं समज."

चाचांच्या नोकरीला तीस वर्षं होऊन गेली होती. अकोला ते मूर्तिजापूर, रेल्वेच्या रुळांना धरून जाणाऱ्या तारेचा तुकडा त्यांच्याकडे होता. कोणत्या खांबावर कावळा घरटं करतो आणि कोणत्या वळणावर तार उन्हाळ्यात लोंबते, हे त्यांना तोंडपाठ होतं. ते आठ महिन्यांनी निवृत्त होणार होते. ऑफिसात ते मला 'बाबूसाहेब' म्हणत आणि घरी 'बेटा'. लिहिलेल्या कागदावर त्यांचा फार विश्वास होता. स्वतःला वाचन बेताचं जमे, म्हणूनच असेल.

आमच्या तारघरात एक रिवाज होता. गुढीपाडव्याला मागच्या भिंतीजवळ चार रांजणांची पाणपोई बसायची आणि पाऊस लागेपर्यंत चालायची. चाचा स्वतः रांजण मांडत. त्या वर्षी पाडव्याच्या सुमाराला वादळानं वाशिमच्या बाजूचे खांब पडले, म्हणून ते दहा दिवस तिकडे होते. रांजण मांडायला आमचे शिपाईभाऊ निघाले, तेव्हा मी त्यांना थांबवलं. मागच्या भिंतीच्या आत बॅटऱ्यांची खोली होती. भिंतीला हातभर ओल चढलेली मी पाहिली होती, आणि यंत्राच्या खोल्या कोरड्या असाव्यात हे प्रशिक्षणात मला पक्कं शिकवलं होतं.

"रांजण पुढं, फाटकाजवळच्या लिंबाखाली मांडा," मी म्हणालो. "येणाऱ्या-जाणाऱ्यालाही बरं पडेल."

शिपाईभाऊ म्हणाले, "चाचा मागंच मांडतेत जी."

"का मांडतात?"

"आता ते मले काय मालूम. मांडतेत."

ज्याला कारण माहीत नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, असं मला वाटलं. रांजण फाटकाजवळ गेले. दहा दिवसांनी चाचा परतले. सायकल टेकवायच्या आधीच त्यांची नजर तिकडे गेली.

"रांजण इथं कावून आले?"

मी ओलीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, मागं जाऊन पाहिलं, आणि मला विचारलं, "अन् अर्थिंग? ते पाह्यली का बाबूसाहेब?"

अर्थिंग म्हणजे इमारतीच्या मागं जमिनीत खोल पुरलेला तांब्याचा पत्रा. तारघरातल्या सगळ्या यंत्रांची एकेक वायर त्याला जोडलेली असते. तो पत्रा जमिनीशी नीट बोलतो आहे की नाही हे दर महिन्याला यंत्रानं मोजायचं आणि वहीत आकडा लिहायचा, हे माझं काम होतं.

"पाहिली," मी म्हणालो. "वहीत नोंद आहे."

"मंग ठीक हाय," चाचा म्हणाले.

नोंद होती. पण ती लिहिली त्या दिवशी मला दुपारच्या गाडीनं गावी जायचं होतं. दुसऱ्या दिवशी चौदा एप्रिल होता, आणि नोकरी लागल्यानंतरची ती माझी पहिली जयंती होती. मोजणीसाठी जमिनीत दोन लोखंडी खुंट्या ठोकाव्या लागत, अर्धा दिवस जाई, आणि उन्हानं जमीन दगडासारखी झाली होती. मी मागच्या महिन्याचा आकडा पाहिला, तोच खाली उतरवला आणि सही केली. त्याच्या मागच्या महिन्यातही जवळजवळ तोच आकडा होता. मला त्यात काही वाईट वाटलं नाही, हे खरं सांगायला हवं. गाडी सापडली याचाच आनंद होता.

मे महिन्यात अमरावतीची तार बिघडली.

पूर्ण बंद पडती तर बरं होतं. ती चालायची, आणि मधेच वेड्यासारखं करायची. सकाळी सातला आम्ही सगळी अक्षरं येतील असं ठरलेलं वाक्य पाठवून पाहायचो, ते एका चुकीशिवाय छापलं जाई. मग दुपारी बारानंतर कापसाच्या बाजाराच्या तारा सुरू झाल्या की अक्षरं फिरत. कधी एखादं अक्षर चुके. कधी अख्खी ओळच आकड्यांची होऊन येई. अर्ध्या तासानं पुन्हा सगळं ठीक.

अशीच नुसत्या आकड्यांची एक तार गडबडीत एका अडत्याच्या दुकानात पोचली. बाजाराच्या तारा पुष्कळदा सांकेतिक असत, त्यामुळे अडत्याला वाटलं, अमरावतीच्या भागीदारानं नवी खूण काढली. त्यानं मुनीमाला घेऊन दोन तास डोकं खपवलं. संध्याकाळी भागीदार स्वतःच टांग्यातून उतरला. तारेत त्यानं एवढंच लिहिलं होतं की, पाय मुरगळला आहे, स्टेशनावर माणूस पाठवा. आमच्याकडे ही हकिकत चार दिवस हसण्यावारी गेली. पाचव्या दिवशी त्याची लेखी तक्रार वरपर्यंत पोचली आणि चौकशीसाठी साहेब आले.

ते येईपर्यंत मी पंधरा दिवस त्या यंत्राशी झगडत होतो. मोटरचा वेग तपासला. मोटरच्या चाकावर काळेपांढरे पट्टे असतात, आणि एका खास चिमट्याच्या थरथरत्या पात्यांमधून पाहिलं की वेग बरोबर असल्यास ते पट्टे उभे राहिल्यासारखे दिसतात. ते दगडासारखे उभे होते. रिलेची, म्हणजे तारेतल्या धक्क्यानं उघडझाप करणाऱ्या खटक्याची, टोकं कोऱ्या कागदाच्या पट्टीनं घासून पुसली. राखीव यंत्र जोडलं, त्यावरही तेच. शेवटी बाहेरची तार सोडवून यंत्राचं तोंड त्याच्याच शेपटीला जोडलं, म्हणजे स्वतःच पाठवायचं आणि स्वतःच छापायचं. भर दुपारी दोन तास चालवलं. एक अक्षर चुकलं नाही. मी समाधानानं टिपण लिहिलं: यंत्र निर्दोष आहे, दोष बाहेर आहे.

बुधवारी साहेबांनी ते टिपण टेबलावर ठेवलं आणि त्यावर बोट टेकवलं.

"हे तुमचंच ना?"

"हो सर."

"यंत्र निर्दोष. म्हणजे तार खराब. सकाळी ठीक, दुपारी बिघडते. म्हणजे उन्हानं तार सैल होते आणि कुठंतरी फांदीला लागते, नाहीतर कुठला जोड सैल आहे. अमरावतीच्या बाजूनं मूर्तिजापूरपर्यंत तपासून झालं आहे. उरलं कोण?"

चाचा दाराशी उभे होते. या पंधरा दिवसांत त्यांनी आपला तुकडा दोनदा पायी तपासला होता. त्यांच्या मानेवरची कातडी सोलून निघाली होती.

"साहेब, माया तुकड्यात फांदी नाई. जोड माये पक्के हायेत."

"तुमचं वय झालं चाचा. खांबावर चढता येतं का आता?"

"दोन डाव चढलो साहेब."

"मग दोष सापडला का नाही?" साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्यावरही वरून दट्ट्या होता. "शुक्रवारी चारच्या डाकेनं माझा अहवाल जाईल. तोवर दोष सापडला तर ठीक. नाहीतर लाइनमनच्या हलगर्जीबद्दल चार्जशीट. नाइलाज आहे."

चार्जशीट म्हणजे चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत पेन्शन अडकलेलं. आमच्या ऑफिसात एकाची चौकशी चार वर्षं चालली होती. हे चाचांना माहीत होतं, मला माहीत होतं, दारात उभ्या शिपाईभाऊंनाही माहीत होतं.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "चाचा, मी फक्त यंत्राबद्दल लिहिलं होतं."

"तू खरं तेच लिवलं ना? मंग झालं तर." त्यांनी सायकलच्या चाकात हवा आहे का ते अंगठ्यानं दाबून पाहिलं. "मायंच कुठं चुकलं असन. तिसऱ्या डावात सापडन."

त्या संध्याकाळी चाची चुलीसमोर बसून ज्वारीच्या भाकरी थापत होती आणि तोंड सुरू होतं. "लोकं पेन्शनीले आठ महिने राह्यले म्हंजे खाटेवर बसतेत. आमच्या घरचे खांबावर चढतेत! पंधरा दिवसांत माणूस पाहा कसा कोळसा झाला. अन् तू काय करून राह्यला तिथं? एवढं शिकला, तुले एक तार दुरुस्त करता येत नाई?"

"अगे, त्याचं काम मशीनचं हाय. तारेचं काम मायं हाय," आतून चाचा म्हणाले.

"मशीन अन् तार काय मले वेगळी सांगता? पोळी करपली त तवा म्हणते मी नाई, चूल म्हणते मी नाई!"

मी हसलो. पण ते वाक्य मनात राहिलं. ते का राहिलं हे कळायला मला आणखी दीड दिवस लागला.

गुरुवारी पहाटे चाचा निघाले. कांदा, भाकर, पाण्याची चामडी पिशवी, कमरेला पट्टा आणि पक्कड. या वेळी ते प्रत्येक खांबावर चढणार होते. मुक्कामाला ते बोरगावला कुणाकडे तरी राहणार आणि शुक्रवारी दुपारी काटेपूर्णा स्टेशन गाठणार, असं सांगून गेले. शेजारी उन्हानं एक म्हातारी आदल्याच दिवशी गेली होती. निघताना चाचीनं दारात त्यांच्या डोक्याला ओला पंचा बांधला.

गुरुवारी दुपारी यंत्र पुन्हा बिघडलं. शुक्रवारी सकाळी ठीक होतं. साहेब शेजारच्या खोलीत अहवाल टाइप करवून घेत होते, आणि टाइपरायटरचा आवाज माझ्या टेबलापर्यंत येत होता.

आमच्या खोलीत दुसऱ्या कोपऱ्यात वाशिमची तार होती. ती जुन्या पद्धतीची, मोर्सची. तिथं एक म्हातारे तारमास्तर बसत. साउंडरच्या कडकट्ट आवाजावरून ते मजकूर लिहून घेत. आवाज मोठा यावा म्हणून साउंडरमागं त्यांनी तंबाखूचा रिकामा डबा बसवला होता. शुक्रवारी साडेबाराला त्यांनी पेन्सिल खाली टाकली.

"हे वाशिम आज पुन्हा भुतासारखं करून राह्यलं बुवा. तिकडचा माणूस जेवायले गेला, अन् साउंडर बडबडून राह्यलं! शब्द नाई, काई नाई, नुसता कडकडाट. महिना झाला मी पाहून राह्यलो."

"महिना झाला?" मी मान वर केली. "तुम्ही सांगितलं नाही."

"तुमाले सांगतलं होतं. तुमी म्हणले, माझ्याकडं टेलिप्रिंटर आहे, मोर्स नाही."

मी खरंच तसं म्हणालो होतो. मला आठवलं.

त्या क्षणी माझा हात यंत्राच्या बटणांवर होता. मी एक अक्षर दाबलं. कोपऱ्यात तंबाखूचा डबा कडकला. मी थांबलो, तो थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा कडकला. तारमास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अमरावतीले तुमी बोलून राह्यले, अन् वाशिम माया कानात ओरडून राह्यलं. असं कसं?"

असं कसं, हेच मी स्वतःला विचारत होतो. अमरावतीची तार आमच्या इमारतीतून निघून रुळांबरोबर पूर्वेला जाते. वाशिमची तार सडकेनं दक्षिणेला जाते. बाहेर कुठंही एक तार दुसरीला भेटत नाही. मग त्यांचं बोलणं एकमेकीत मिसळतं कुठं? सकाळी वाशिमचं काम नसतं, म्हणून सकाळी अमरावती ठीक. दुपारी दोघींवर एकदम काम येतं, तेव्हाच अक्षरं फिरतात. माझ्या जोडून पाहण्यात बाहेर जाणारं काहीच नव्हतं, म्हणून यंत्र निर्दोष दिसलं.

त्या दोघी एकाच ठिकाणी भेटत होत्या. जमिनीखाली.

तारघरातून बाहेर जायला विजेला एक तार असते. परत यायला तार नसते, ती जमिनीतून परत येते. ते सारं परतणं त्या एका पुरलेल्या पत्र्यातून होतं. पत्रा आणि माती यांचं नातं तुटत आलं की परत येणारी वीज वाट न सापडल्यानं शेजारणीच्या वायरीत घुसते. मशीन म्हणतं मी नाही, तार म्हणते मी नाही. चाचीनं मला हे तव्यावर सांगितलं होतं.

मी मागच्या भिंतीकडे धावलो. महिनाभर मी त्या बाजूला गेलो नव्हतो, मेची मोजणीही राहून गेली होती. भिंत छान कोरडी झाली होती. आणि तिच्या पायाशी काळ्या मातीला अशी भेग पडली होती की माझा हात कोपरापर्यंत आत गेला. आपल्याकडची काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं आकसते, हे वऱ्हाडात कुणाला सांगावं लागत नाही. मलाही लागू नये. मी त्याच मातीतून शाळेत चालत गेलो होतो. पत्र्याला जोडलेली तांब्याची जाड वायर मी बोटानं धरली, ती पडायला आलेल्या दातासारखी हलली. माती पत्र्यापासून सुटली होती.

पाणपोई तिथंच का मांडत, याचं उत्तर माझ्यासमोर होतं. लोक ओंजळीनं पाणी पीत, हातपाय धूत, निम्मं सांडत. ते सांडलेलं पाणी उन्हाळाभर त्या पत्र्यावरची माती मिटलेली ठेवत होतं. तीस वर्षांत कुणी ते वहीत लिहिलं नव्हतं, कारण पाणपोईची वही नसते. आणि ज्या वहीत ते सापडायला हवं होतं, तिथं माझा खोटा आकडा होता.

मी आणि शिपाईभाऊंनी दोन रांजण भेगेत रिकामे केले. मातीनं ते पाणी आवाज करत पिऊन टाकलं. आणखी दोन आणले. मग विहिरीच्या बादल्या. पाऊण तासानं पाणी वर थांबू लागलं. मी आत आलो, हात न पुसताच यंत्र सुरू केलं आणि तारमास्तरांना म्हणालो, "तुम्ही वाशिमला पाठवत राहा. थांबू नका." दोन्ही तारा एकदम चालू झाल्या. अमरावतीहून उत्तर आलं. पहिली ओळ, दुसरी, दहावी. एक अक्षर फिरलं नाही. तंबाखूचा डबा फक्त वाशिमचं बोलत होता.

साहेब कागद हातात घेऊन बाहेर आले आणि छापलेली पट्टी पाहून त्यांनी घड्याळ पाहिलं. दोन वाजून गेले होते.

"तार नीट झाली?"

"हो सर."

"पाहिलंत? दोन दिवस चार्जशीटची भीती दाखवली, तिसऱ्या दिवशी जोड आवळला गेला. ही जुनी माणसं अशीच. डोस दिल्याशिवाय हलत नाहीत." त्यांनी अहवालाच्या शेवटी पेनानं एक ओळ वाढवली आणि मोठ्यानं वाचली. लाइनमनला सक्त ताकीद दिल्यावर दोष दूर झाला, पूर्वीचा हलगर्जीपणा यावरून सिद्ध होतो.

माझे गुडघे चिखलानं भरले होते, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही. मी काही बोललो नसतो तर ते कधीच लक्षात आलं नसतं. शिपाईभाऊंना पाणी कशाला ओतलं ते माहीत नव्हतं. तारमास्तरांना साउंडर शांत झाल्याशी मतलब होता. आणि चाचांना वाटलंच असतं की तिसऱ्या डावात आपल्या हातानं एखादा जोड आवळला गेला. त्यांनी स्वतःचं चुकलं हे आधीच कबूल केलं होतं. मी अजून कायम झालो नव्हतो. खोटी नोंद म्हणजे घरी पाठवण्याइतका गुन्हा, हे मला माहीत होतं. वडील गावात सांगत असलेलं वाक्य माझ्या कानात वाजत होतं.

"सर," मी म्हणालो, "जोड कुणी आवळला नाही. अर्थिंग सुटली होती. मी आत्ता पाणी घातलं."

"अर्थिंग? एप्रिलची नोंद ठीक आहे. मी पाहिली."

"ती मी मोजली नव्हती."

"म्हणजे?"

"मागचा आकडा उतरवला. गाडी पकडायची होती. आणि पाणपोई मी हलवली, म्हणून ती माती सुकली. चाचांनी मला विचारलं होतं. मी पाहिली म्हणून सांगितलं."

साहेबांनी वही मागवली. एप्रिलचा आकडा आणि मार्चचा आकडा यांच्याखाली एकेक रेघ मारली. मग वही माझ्याकडे वळवली.

"हे लिहून द्याल?"

"देतो."

"काय होईल माहीत आहे?"

"माहीत आहे."

"बसा मग," ते म्हणाले. त्यांनी टाइप केलेला अहवाल चार घड्या करून खिशात ठेवला. "चारला दीड तास आहे. मला नवीन लिहावा लागेल."

माझं कायम होणं त्यामुळे वर्षभर लांबलं, आणि सर्व्हिस बुकात तो शेरा शेवटपर्यंत राहिला. चाचांवर चार्जशीट निघालं नाही. जबाब लिहून झाला तेव्हा पावणेतीन झाले होते. चाचा त्या वेळी काटेपूर्णेच्या अलीकडे कुठल्यातरी खांबावर असणार, हे माझ्या मनातून जाईना. पूर्वेकडची पॅसेंजर साडेतीनला होती. मी तारेच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर पत्र लिहिलं, मोठ्या सुट्या अक्षरांत, चाचांना वाचता यावं म्हणून. पहिल्यांदा लिहिलेल्यात खाडाखोड झाली, म्हणून दुसऱ्यांदा उतरवलं. स्टेशनावर पळत जाऊन ते गार्डाच्या हातात दिलं आणि काटेपूर्णेच्या स्टेशनमास्तरांनी ते लाइनमन चाचांना द्यावं अशी विनंती केली. खाडाखोडीचा कागद माझ्याकडे राहिला. त्यावरून ते पत्र देतो.

*

चाचा, सलाम.

खांबावर असाल तर आधी खाली उतरा आणि मग हे वाचा.

तार नीट झाली आहे. तुमच्या तुकड्यात काही दोष नव्हता. तुमचे सगळे जोड पक्के आहेत. आता पुढचा एकही खांब चढू नका. सावलीत बसा, पाणी प्या, आणि संध्याकाळच्या गाडीनं सायकल घेऊन परत या.

दोष अर्थिंगचा होता. पाणपोई पुढं नेल्यामुळे मागची माती फाटली. तुम्ही मला विचारलं होतं, अर्थिंग पाहिली का. मी पाहिली म्हणालो. ते खोटं होतं. मी मोजली नव्हती, नुसता आकडा लिहिला होता. तुम्ही माझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवला म्हणून पंधरा दिवस उन्हात फिरलात.

हे मी साहेबांना सांगितलं आणि लिहून दिलं. तुमच्यावर कागद निघणार नाही. पेन्शनची काळजी करू नका, चाचीला मी निरोप पाठवतो आहे.

रांजण परत मागं नेले आहेत. पण कुठला रांजण कुठं मांडायचा आणि दिवसाला किती पाणी सांडू द्यायचं हे मला माहीत नाही. ते मला दाखवा. या वेळी मी वहीत लिहून ठेवतो.

आज मी घरी जात नाही. तुमच्या घरात बसून तुमची वाट पाहण्याचं तोंड मला नाही. घरी यायचं की ट्रंक उचलायची ते तुम्ही येऊन सांगा. तोवर मी तारघरातच आहे.